मुक्तिबोध : इंदुरात घडलेला वाचक

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत गजानन माधव मुक्तिबोध यांचे नाव निघाले की दोन तऱ्हेची उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात की तो आपल्यातलाच, पण हिंदीत गेला. हिंदी विषय घेऊन परीक्षा दिलेली तरुण मंडळी म्हणतात की कवी मोठा, पण फार अवघड. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. तरीही एक गोष्ट दोन्हींतून निसटते. मुक्तिबोध कवी होण्याच्या आधी एक वाचक होते आणि अखेरपर्यंत वाचक राहिले. वाचलेले तपासावे कसे आणि त्यावर लिहावे कसे, ही विद्या त्यांनी कोठे आणि कशी मिळवली हे पाहू गेले तर वाट मराठी घरातून निघते आणि इंदूरच्या कॉलेजावरून जाते. त्या वाटेची हकीकत येथे सांगण्याचा विचार आहे.

साहित्य हा माझा प्रांत नव्हे. मी गाणे शिकवतो. माझे वडील होळकर दरबारच्या अगदी अखेरच्या गवयांपैकी. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. त्यामुळे घरात गाण्यापेक्षा ऐकण्याला मान अधिक होता. वर्गात दरवर्षी अशी मुले येतात की जी चीज हुबेहूब म्हणून दाखवतात. परंतु अमुक ठिकाणी तो स्वर का लागला असे विचारले की गप्प बसतात. तेव्हा मला प्रश्न पडतो की हे का विचारण्याची सवय शिकवता येते काय? मुक्तिबोधांच्या चरित्राकडे मी वळलो तो या प्रश्नामुळे.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे, त्या वेळच्या ग्वाल्हेर संस्थानात झाला. घराणे मूळचे खानदेशातील, जळगावकडचे. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलांच्या शाळाही बदलत. पुढे कुटुंब उज्जैनला स्थिरावले. आई पार्वतीबाई बुंदेलखंडाच्या बाजूच्या, ईसागढच्या. शाळेचे शिक्षण बेताचे, पण वाचनाची ओढ मोठी. हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद हे दोघेही त्यांना सारखेच जवळचे. प्रेमचंदांची पुस्तके वाचताना त्यांचे डोळे भरून येत आणि त्यांतील माणसांविषयी त्या मुलाशी बोलत. आपल्याला प्रेमचंदांचे भक्त आईने केले, हे मुक्तिबोधांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. १९३० साली मिडलच्या परीक्षेत तो नापास झाला आणि पुढच्या वर्षी पास झाला. उज्जैनच्या माधव कॉलेजात असताना कवितेचा नाद लागला. रमाशंकर शुक्ल ‘हृदय’ यांच्यासारखे कवी जवळ होते, आणि खंडव्याहून माखनलाल चतुर्वेदी ‘कर्मवीर’ काढीत. नव्या मुलाच्या कविता त्या पत्रात छापून येऊ लागल्या. कवितेची भाषा अर्थातच हिंदी. घरात मराठी, बाहेर माळवी आणि हिंदी, अभ्यासाला इंग्रजी. आपल्याकडच्या मुलांना ही चौफेर भाषा नवी नाही. परंतु बहुतेकांच्या बाबतीत या भाषा शेजारी शेजारी नांदतात, एकमेकींना प्रश्न विचारीत नाहीत. मुक्तिबोधांच्या मनात त्या विचारू लागल्या, आणि तेही इंदुरात.

१९३५ साली इंटर झाल्यावर ते बी. ए. साठी होळकर कॉलेजात आले आणि आत्याच्या घरी राहिले. १८९१ साली स्थापन झालेले हे कॉलेज तेव्हा आग्रा विद्यापीठाशी जोडलेले होते. आज ते विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्या काळी तेथे साहित्याचे वर्गही भरत. शहराची हवाही लक्षात घ्यावी. १९३५ याच वर्षी इंदुरात हिंदी साहित्य संमेलन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि मराठी साहित्य संमेलनही येथेच औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. एकाच वर्षी दोन भाषांनी आपापले मांडव ज्या गावात घातले, त्या गावात हा अठरा वर्षांचा मुलगा पुस्तके काखोटीस मारून हिंडत होता.

कॉलेजाने त्यांना काय दिले? याचे उत्तर त्यांनी स्वतःच, थोड्या शब्दांत का होईना, १९४३ च्या ‘तार सप्तक’ या संग्रहातील निवेदनात दिले आहे. त्याचा आशय असा : इंदूरच्या मित्रांच्या संगतीने आणि मदतीने ते प्रथमच स्वतःच्या मनात उतरले. त्याआधीची गुंतागुंतीची मांडणी आणि कशाविषयी ते न कळणारी करुणा त्यांनी टाकून दिली. आपण काय लिहितो याची जाणीव प्रथम झाली ती येथे. प्राध्यापकांच्या आधी त्यांना मित्र आठवतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वर्गात जे ऐकले ते रस्त्याने चालताना मित्राशी भांडून पाहिल्यावाचून आपले होत नाही. संगीतातही तालीम गुरूपाशी होते, पण कान तयार होतो तो मैफलीवरून रात्री घरी परतताना, बरोबरच्या शागिर्दाशी वाद घालताना.

त्याच निवेदनात एक गोष्ट आहे, ती आपल्या मंडळींनी मुद्दाम वाचावी. त्या दिवसांत त्यांच्या मनात एक झगडा चालला होता. एका बाजूला हिंदीतील छायावादाची नवी, सुंदर, तरल कविता होती. दुसऱ्या बाजूला लहानपणापासून मनावर ठसलेल्या मराठी कादंबऱ्या होत्या, आणि त्यांतून दिसणारे माणसाचे सुखदुःख. पुढे हाच झगडा टॉल्स्टॉय की महादेवी वर्मा असे रूप घेऊन उभा राहिला. सौंदर्याने भारून टाकणारी कविता मोठी, की माणसाचा प्रश्न सोडवू पाहणारी कादंबरी मोठी? मराठीत त्याच सुमारास फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला होता. तेथे लोक एकेक बाजू घेऊन उभे राहिले. या विद्यार्थ्याने दोन्ही बाजू स्वतःच्याच मनात समोरासमोर बसवल्या आणि कोणालाही उठू दिले नाही.

माझ्या मते टीकात्मक वाचनाचा आरंभ येथे होतो. एखादी गोष्ट आपल्याला आवडते, आणि तितकीच आवडणारी दुसरी गोष्ट तिच्या विरुद्ध साक्ष देते. तेव्हा आवड ही आवडच राहत नाही, तिला कारणे द्यावी लागतात. ज्याच्यापाशी एकच आवड आहे त्याला टीका सुचत नाही. त्याला स्तुती सुचते किंवा निंदा सुचते. हरिभाऊंचे संस्कार घेऊन आलेला मुलगा छायावाद वाचतो म्हणून त्याला छायावादाचे सामर्थ्यही दिसते आणि उणीवही दिसते. मराठी घर सोडून तो हिंदीत गेला असे आपण म्हणतो खरे, पण जाताना घरचा तराजू बरोबर घेऊन गेला.

ही अडचण इंदूरपुरती नव्हती. इंग्लंडात केंब्रिज येथे रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि मत लिहून मागितले. त्यातून झालेले पुस्तक १९२९ साली निघाले. नामांकित विद्यापीठातील हुशार मुलेसुद्धा नाव झाकले की गोंधळतात, साध्या अर्थालाही चुकतात, ठरीव भावना उसन्या आणतात, असे त्यात दिसून आले. आमच्याकडे ध्वनिमुद्रिकेवरचे नाव न सांगता गाणे ऐकवले तर हाच अनुभव येतो. तयार नोट्स आणि गाईड यांवर पोसलेल्या विद्यार्थ्याची निराळी परीक्षा घ्यायला नको. नाव झाकावे म्हणजे झाले.

१९३८ साली मुक्तिबोध बी. ए. झाले. १९३९ साली घरच्यांच्या मनाविरुद्ध शांताबाईंशी लग्न केले. पुढचा काळ मास्तरकीचा आणि ओढाताणीचा. उज्जैन, शुजालपूर, बनारस, जबलपूर, अशी गावे बदलत गेली. त्याच काळात बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचा त्यांच्यावर प्रभाव होता. नंतर शुजालपूरला नेमिचंद्र जैन यांच्या सहवासात ते मार्क्सच्या विचाराकडे वळले. अज्ञेय यांनी संपादिलेल्या ‘तार सप्तक’मध्ये सात कवी होते आणि त्यांत पहिले नाव मुक्तिबोधांचे. सातांपैकी दोघे, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी घरांतले. हिंदी कवितेच्या नव्या पर्वाच्या दाराशीच दोन मराठी माणसे उभी होती, याचा हिशेब आपण फारसा ठेवलेला नाही.

त्यांची वाचनाची रीत सर्वांत स्पष्ट दिसते ती ‘कामायनी’वरील पुस्तकात. जयशंकर प्रसादांचे हे महाकाव्य १९३६ साली निघाले, म्हणजे मुक्तिबोध होळकर कॉलेजात असताना. त्यांचे ‘कामायनी : एक पुनर्विचार’ प्रसिद्ध झाले १९६१ साली. मधे पंचवीस वर्षे गेली. आजच्या विद्यार्थ्याने ही दोन साले वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. कॉलेजात असताना जे पुस्तक निघाले त्याच्याशी त्यांचा हिशेब परीक्षेबरोबर मिटला नाही.

‘कामायनी’ची कथा थोडक्यात अशी : प्रलयात देवांची विलासी सृष्टी बुडाली. एकटा मनू वाचला. त्याला श्रद्धा भेटली, मग इडा भेटली, आणि अखेर श्रद्धेच्या हाताने तो कैलासावरील आनंदाला पोहोचला. मनू म्हणजे मन, श्रद्धा म्हणजे हृदय, इडा म्हणजे बुद्धी, असा अर्थ सर्वत्र शिकवला जाई. मुक्तिबोधांनी विचारले की हा मनू खरोखर आदिमानव आहे काय? त्याचे वागणे, त्याचा अहंकार, त्याची हळहळ ही कोणत्या काळच्या माणसाची आहे? त्यांचे उत्तर असे की मनू हा आपल्याच काळातला माणूस आहे. त्याचे सरंजामी वैभव बुडाले आहे, जुन्या ऐश्वर्याच्या आठवणीने तो व्याकूळ आहे, नवे राज्य उभारू पाहतो तेव्हा सत्तेच्या लोभाने ते बिघडवतो, आणि शेवटी जगाचे प्रश्न तसेच टाकून पर्वतावर निघून जातो. पुराणकथा हा वरचा पडदा आहे आणि त्यामागे आधुनिक समाजाचे चित्र आहे, हे त्यांनी पानोपानी दाखवले. प्रसादांची थोरवी मान्य करूनही कैलासावरचा शेवट त्यांनी उत्तर म्हणून स्वीकारला नाही.

हे वाचताना मला थोडे थांबावे लागले. होळकरांचे राज्य १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. आमच्या घरात, आणि वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत, त्या दरबाराच्या आठवणी आजही जिव्हाळ्याने सांगितल्या जातात. त्या आठवणींत गाणे होते, कदर होती, हे खरेच. पण मनूच्या हळहळीविषयी मुक्तिबोध जो प्रश्न विचारतात तो आमच्या हळहळीलाही लागू पडतो : तुम्हांला आठवते ते संगीत की त्या संगीताभोवतालचा आपला मान? चांगली टीका पुस्तकाविषयी बोलता बोलता वाचणाऱ्याकडे वळते, ती अशी. त्यांचे सगळे म्हणणे मला पटते असे मात्र नाही. प्रसादांच्या छंदाचा नाद, शब्दांची आस, यांकडे या पुस्तकात पुरेसा कान दिलेला नाही असे गाणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही. समाजाचा अर्थ लावण्याच्या भरात कधी कधी सूर मागे पडतो. परंतु त्यांच्याशी असे भांडता येते, कारण त्यांनी आपली कारणे उघड मांडून ठेवली आहेत.

लिहिण्याच्या बाजूनेही त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकात हरिशंकर परसाई यांनी त्यांच्याकडून लिहवून घेतलेल्या लेखांचे पुढे ‘एक साहित्यिक की डायरी’ हे पुस्तक झाले. त्यातल्या एका प्रसिद्ध लेखात जुन्या दिवसांतला केशव नावाचा मित्र येतो, दोघे रानावनांत हिंडतात, आणि सौंदर्य म्हणजे काय यावर बोलत बसतात. त्यातूनच कलेच्या तीन क्षणांचा विचार निघतो. पहिला क्षण जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. दुसरा क्षण तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून एक स्वतंत्र कल्पनाचित्र होण्याचा. तिसरा क्षण ते चित्र शब्दांत उतरण्याचा. आणि उतरता उतरता शब्द त्या चित्रालाच बदलतात. गवयाला हे समजावून सांगावे लागत नाही. मनात राग उभा असतो तो एक आणि गळ्यातून येतो तो दुसरा, आणि येता येता तो मनातल्या रागालाही नवे वळण देतो. इतका सूक्ष्म विचार त्यांनी पोथीच्या थाटात न मांडता दोन मित्रांच्या गप्पांत मांडला. मित्र शंका काढतो, लेखक अडखळतो, पुन्हा सुरुवात करतो. कॉलेजच्या दिवसांतली चालताचालताची भांडणे हीच त्यांच्या टीकालेखनाची घाटणी झाली.

१९४८ साली ते नागपूरला आले. सरकारी प्रसिद्धी खाते, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक अशा नोकऱ्या केल्या. संसार मोठा, पैसा कमी. तशातच, पस्तिशीच्या घरात, त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. ची परीक्षा दिली. या पदवीच्या बळावर १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. राजनांदगावही आपल्या इंदूरप्रमाणे पूर्वीचे संस्थान. कॉलेज भरत होते ते राजवाड्याच्या आवारात, दोन तलावांच्या मधे. मुक्तिबोधांचे राहणेही तेथेच, आणि घराला एक गोल फिरत जाणारा जिना. ज्या वाड्यात एकेकाळी मुजरे झाले तेथे आता एक फाटका प्राध्यापक मुलांना कविता कशी वाचावी हे सांगत होता. आयुष्यातली बरीशी स्वस्थता त्यांना मिळाली ती याच पाचसहा वर्षांत.

त्यांच्या लेखनात ब्रह्मराक्षस दोनदा भेटतो. कवितेतला ब्रह्मराक्षस ओसाड विहिरीत राहतो. तो महापंडित आहे, पण त्याचे ज्ञान कोणापर्यंत पोहोचले नाही, आणि कवीला वाटते की आपण याचा शिष्य व्हावे. कथेतला ब्रह्मराक्षस एका खेड्यातून आलेल्या मुलाला वर्षानुवर्षे शिकवतो आणि अखेरीस आपले खरे रूप सांगतो : योग्य शिष्याला विद्या न दिल्यामुळे मला ही गती मिळाली, आज मी सुटलो, आता ते ओझे तुझ्यावर आहे. दरबारी गवयांच्या घरात वाढलेल्या माणसाला ही कथा कल्पित वाटत नाही. गळ्यातच राहिलेल्या चिजा, मुलालाही न दिलेले राग, यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. साहित्य वाचण्याची विद्याही तशीच आहे. ती पुस्तकात ठेवून भागत नाही. एका वाचकाने दुसऱ्याजवळ बसून ती द्यावी लागते.

शेवट लवकर आला. शाळांसाठी लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पुस्तकावर १९६२ साली मध्यप्रदेश सरकारने बंदी घातली. तो घाव त्यांना फार लागला. १९६४ च्या आरंभी पक्षाघात झाला. भोपाळला आणि मग दिल्लीला उपचार झाले, पण ११ सप्टेंबर १९६४ रोजी, सत्तेचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, बेशुद्धीतच त्यांचा अंत झाला. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. तो हातात घेऊन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांचा जन्म १९२१ साली इंदूरचा. ते मराठीत राहिले. ‘नवी मळवाट’चे कवी, ‘क्षिप्रा’चे कादंबरीकार, नागपूरला मराठीचे प्राध्यापक, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी १९७९ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. १९८४ साली तेही गेले. एका फौजदाराच्या घरात, एका वाचणाऱ्या आईच्या हाताखाली, दोन भाषांचे दोन समीक्षक तयार झाले. थोरला हिंदीला मिळाला आणि धाकटा मराठीला, एवढाच काय तो फरक.

ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. थोरल्या भावाची डायरी आणि धाकट्या भावाचा ग्रंथ, ही दोन पुस्तके एका फळीवर ठेवावीत. दोन्ही वाचून कोणाचे पटले आणि का पटले, हे मुलांना एक पानभर लिहायला सांगावे, आणि ते पान आपण स्वतः वाचून त्यांच्याशी वाद घालावा. गुण देण्याचे कारण नाही.